केशरी रंगाच्या दिवशी न लागलेली आग

समस्त ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली आणि कल्याणकरांना, शीळफाट्याला गाडीत अडकून पडलेल्यांना धरून, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मागच्या नवरात्रात ठाण्यातल्या एका चार मजली कचेरीला आग लागली नव्हती. ठिणगी पडली नव्हती, धूर निघाला नव्हता, जळका वाससुद्धा आला नव्हता. तरीही त्या दिवशी त्या कचेरीतली माणसं जीव वाचवायला धावली. काही खाली धावली, काही वर. या घटनेची मी नुसती साक्षीदार नाही, एका वाहनाची चालक आहे. तेव्हा रसिकांनी शांतता राखावी, मोबाइल बंद ठेवावेत आणि वेफर्सची पाकिटं आत्ताच फोडून घ्यावीत. नंतर आवाज नको.

आमची कंपनी पंप बनवते. पंप बनतात डोंबिवलीला, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांचे कागद बनतात ठाण्याला, वागळे इस्टेटीत. मी कागदांकडे. म्हणजे घराजवळचा कारखाना सोडून रोज लांब जाऊन मी त्याच कारखान्याची पत्रं लिहिते. असो. सुरक्षितता या विषयात आम्ही डोंबिवलीकर जन्मजात जाणकार. सकाळी खिडकी उघडली की वासावरून सांगतो, वारा एमआयडीसीकडून येतोय की खाडीकडून. ज्या दिवशी कसलाच वास येत नाही, त्या दिवशी सोसायटीतली माणसं एकमेकांना फोन करून विचारतात, "सगळं ठीक आहे ना?"

ठाण्याच्या कचेरीत मात्र सुरक्षा म्हणजे दारातलं एक लाकडी स्टूल होतं. स्टुलावर कधी माणूस असे, कधी त्याची टोपी. टोपी असली तरी आम्ही तिला मान देऊन आत जायचो. मग वरून फर्मान निघालं आणि मेजरसाहेब आले.

ते मेजर कधीच नव्हते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हे त्यांनी सुरुवातीला प्रत्येकाला समजावून सांगितलं, मग भेटेल त्याला सांगितलं, आणि शेवटी सोडून दिलं. मूळचे साताऱ्याकडचे, कुटुंब अजून गावालाच. पण बोलणं असं, की प्रत्येक वाक्याला घरून इस्त्री करून आणलंय. "महोदया, ओळखपत्र गळ्यात घालावे. पर्समध्ये त्याचा उपयोग नाही." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी महोदया म्हणालं. मी त्या दिवशी दोनदा बाहेर जाऊन दोनदा आत आले.

त्यांच्यामागून यंत्रं आली. दारात तीन दांड्यांचं फिरतं फाटक बसलं आणि त्याने पहिल्याच दिवशी हिशेब खात्यातली एक ओढणी गिळली. बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं. त्याने ओळखलं तर ते गप्प बसायचं, नाही ओळखलं तर एका बाईच्या आवाजात, सगळ्या रांगेदेखत, परत प्रयत्न करा म्हणून इंग्रजीत बजावायचं. लोणच्यासाठी रविवारी ढीगभर कैऱ्या फोडल्यावर सोमवारी मी मी नव्हते. माझी बोटं झिजली होती आणि कंपनीच्या लेखी मी आलेच नव्हते. दारात उभी राहून, डबा हातात धरून, मी नाही आहे हे ऐकायला मला फार गंमत वाटली.

मला प्रश्न पडायला लागले ते तिथून. यंत्राला बोट कळतं म्हणजे नेमकं काय कळतं? छताला एवढे कॅमेरे लावलेत, ते बघतं कोण? आणि सगळं बघून झाल्यावर त्या बघणाऱ्याला काय वाटतं? बंद दार दिसलं की त्यामागे काय आहे ते बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली होती, तिच्यावर 'प्रवेश निषिद्ध' असं लिहिलं होतं. एवढं स्पष्ट आमंत्रण मी कसं नाकारणार? जेवणाच्या सुट्टीत मी दार ढकललं.

मेजरसाहेब आत एकटेच बसले होते. समोर भला मोठा पडदा, त्यावर चौकटीच चौकटी, आणि हातात भाकरी.

"साहेब, हे सगळं कोण बघतं?"

"मी."

"सगळं?"

"सगळं, महोदया."

"मग जेवता कधी?"

त्यांनी भाकरीकडे पाहिलं. "बघत बघत."

मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि थक्क झाले. वरून पाहिलं की माणूस म्हणजे नुसता भांग. आमचं सगळं खातं भांगांवरून ओळखू येत होतं. कुणाचा सरळ, कुणाचा वाकडा, कुणाचा रंगवायचा राहिलेला. खरेदी खात्याच्या साहेबांना भांगच नाही; त्यांची चौकट पडद्यावर बल्ब लावल्यासारखी उजळली होती. आणि मग मला एका चौकटीत देऊळ दिसलं. शिखर, कळस, खांब, सगळं.

"हे कुठलं देऊळ?"

मेजरसाहेबांनी सुस्कारा सोडला. "हा आपला मागचा जिना आहे. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग."

कचेरीच्या गणपतीचं मखर होतं ते! पुठ्ठ्याचं, कापड लावलेलं, नुकतंच विसर्जन झाल्यावर जिन्यात नेऊन ठेवलेलं. शेजारी मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले पंखे आणि आमच्याच कंपनीच्या जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे. मखर खरेदीच्या साहेबांच्या ताब्यात. दर वर्षी तेच उभारायचे, तेच उतरवायचे. मेजरसाहेबांनी त्यांना ते हलवायला सांगितलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "संकट येऊच नये म्हणून तर देवाचं सामान तिथे ठेवलंय."

आता मी माझ्या शेजारणीकडे येते, कारण ही गोष्ट तिची आहे. शेजारीण म्हणजे टेबलाशेजारची. ठाण्यातल्याच जुन्या गावठाणातली, पिढ्यान् पिढ्यांची ख्रिस्ती, आजोबांची भातशेती होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे एका पायाला पट्ट्या आणि हातात काठी. घरून रिक्षाने येते, लिफ्टने वर येते आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसते. तिथून येऊरचे डोंगर दिसतात, पण ती डोंगरांकडे बघत नाही, निविदांकडे बघते. सरकारी निविदेच्या अटींत कुठे खड्डा खणून ठेवलाय ते तिला वासाने कळतं. खड्डा सापडला की ती आनंदाने काठी आपटते आणि आमचं सगळं खातं समजतं, आज कंपनी वाचली.

पितृपंधरवडा सुरू झाला त्याच सुमारास मेजरसाहेब इमारतीचा सुरक्षा आराखडा घेऊन वर आले. कोणी कुठल्या जिन्याने उतरायचं, कुठे जमायचं, सगळं बाण काढून दाखवलेलं. शेजारणीच्या टेबलापासून निघालेला बाण मात्र जिन्याकडे जात नव्हता. तो सरळ तळमजल्यावर, फाटकाजवळच्या पासच्या टेबलाला जाऊन टेकला होता.

"हे काय?" तिने विचारलं.

"आपली नवीन जागा, महोदया. येणाऱ्या पाहुण्यांना पास द्यायचे. मुख्य कचेरीची सूचना आहे."

"आणि माझ्या निविदा?"

"आग लागली तर लिफ्ट बंद होते. जिन्यात गर्दी होते. आपण चौथ्या मजल्यावरून कशा उतरणार?"

"बसून. एक एक पायरी. आमच्या घराचा माळा मी तशीच उतरायचे."

"तोवर छत खाली येईल."

तिने आराखडा स्वतःकडे ओढला आणि बाणावर बोट ठेवलं.  आणि खरं सांगायचं तर मेजरसाहेबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. इतकी वर्षं आम्ही तिच्याशेजारी बसून डबे खाल्ले, भांडलो, पण हा प्रश्न आमच्यापैकी कुणी एकदाही विचारला नव्हता. त्यांनी विचारला. फक्त त्यांचं उत्तर भलतंच होतं.

"मेजर," ती म्हणाली, "पासच्या टेबलावर दिवसभर काय काम असतं? 'कुणाला भेटायचंय, इथे सही करा.' मी वर्षभरात तिथे भिंत होईन. मला पटकन खाली कसं न्यायचं ते शोधा ना. मला कायमचं खाली आणून ठेवणं म्हणजे काय उपाय झाला?"

 मेजरसाहेब आराखड्याची गुंडाळी करून निघून गेले. मी तिला म्हटलं, "गेले बघ. चिडले."

"चिडू दे."

पण ते चिडले नव्हते. थोड्या दिवसांनी खरेदी खात्यात एक लांबट खोका आला. त्यात जिन्यावरून माणसाला उतरवायची खुर्ची होती. हे जगात असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं! अख्खा मजला खोक्याभोवती गोळा झाला. खरेदीचे साहेब मात्र खोक्यावर हात ठेवून उभे.

"पंधरवडा चालू आहे. नवीन वस्तू आत्ता उघडायची नाही. घटस्थापनेला उघडू."

"सर, खुर्ची कुणासाठी आहे?" शेजारणीने विचारलं.

"तुमच्यासाठी."

"मग उघडा. आम्हा ख्रिस्त्यांचे पितर नोव्हेंबरात येतात."

याला शास्त्रात उत्तर नव्हतं. खोका उघडला.

पिवळी, छत्रीसारखी मिटलेली खुर्ची. मागच्या बाजूला रबराचे दोन दातेरी पट्टे. माणसाला बसवायचं, कमरेला आणि छातीला पट्टा बांधायचा, खुर्ची मागे कलती करायची आणि जिन्यावर सोडायची. रबरी पट्टे पायऱ्यांच्या कडांवरून सरकत जातात. गंमत म्हणजे माणूस जितका जड, तितके पट्टे पायरीला घट्ट धरतात, त्यामुळे खुर्ची घसरून पळत नाही. मला हे पटेना. मी खुर्ची उलटी करून, आडवी करून, पट्ट्यात बोट घालून बघितलं. बोट अडकलं. मेजरसाहेबांनी सोडवलं आणि म्हणाले, "ढकलायला एकच माणूस पुरेसा आहे. प्रशिक्षण मी देईन. कोण?"

"ही," शेजारीण माझ्याकडे काठी दाखवून म्हणाली. "मला जिन्यावरून ढकलायची हिची फार जुनी इच्छा आहे."

मग मेजरसाहेबांनी अट सांगितली, इस्त्रीच्या भाषेत, सगळ्यांसमोर. लवकरच आगीचा सराव होईल. दिवस आधी कळणार नाही. मुख्य कचेरीतून निरीक्षक बाई येतील. घंटा वाजली की सगळ्यांनी बाहेर पडून आवारातल्या बदामाच्या झाडाखाली जमायचं. तिथे मजल्यानुसार हजेरी होईल, चौथा मजला सर्वांत शेवटी. "हजेरी संपण्यापूर्वी महोदया झाडाखाली उपस्थित असतील, तर चौथा मजला त्यांचा. नसतील, तर पासचे टेबल. मुख्य कचेरी इतकेच मान्य करते."

"ठरलं," ती म्हणाली.

त्यासाठी मागचा जिना मोकळा हवा होता. पुढचा जिना इतरांचा, मागचा फक्त आमच्या खुर्चीचा, असं ठरलं. खुर्च्या, पंखे आणि कॅलेंडरांचे गठ्ठे भंगारात गेले. मखराचे खांब मेजरसाहेबांच्या खोलीत गेले, त्यामुळे ते आता गाभाऱ्यात बसल्यासारखे दिसायचे. शिखर तेवढं खरेदीच्या साहेबांनी, "देवाचं डोकं आहे ते, असं कुठेही ठेवणार नाही," म्हणत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला लावून ठेवलं.

आम्ही रोज जेवणानंतर सराव करायचो.

"अगं हळू! बटाट्याचं पोतं आहे का मी?"

"पोतं बोलत नाही."

"वळणावर कलती कर, कलती! मेजर, हिला सांगा!"

"महोदया, ढकलू नये. फक्त सोडावे. खुर्चीला तिचे काम करू द्यावे."

हे वाक्य मला पुढे संसारातही उपयोगी पडलं. चार दिवसांत माझा हात बसला. खरेदीच्या साहेबांनीही एकदा बसून पाहिलं आणि खाली पोचल्यावर उतरायलाच तयार होईनात.

खरेदीच्या साहेबांकडे आणखी एक जबाबदारी आली होती. ते चौथ्या मजल्याचे मार्शल झाले. म्हणजे घंटा वाजली की सगळ्यांना पुढच्या जिन्याने खाली न्यायचं. त्यासाठी त्यांना झगझगीत केशरी जाकीट मिळालं. आणि चौथ्या मजल्यावर आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर मेजरसाहेबांनी एक सूचना चिकटवली: 'घंटा वाजताच विचार करू नये. केशरी रंगामागे चालावे.'

इथे महाराष्ट्रातल्या निम्म्या वाचकांनी कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. नवरात्रात आमच्याकडे रोजचा एक रंग ठरलेला असतो. कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, विचारू नये. वर्तमानपत्रात येतो, मोबाइलवर येतो, आणि त्या दिवशी बँकेपासून भाजीवालीपर्यंत सगळ्या बायका त्याच रंगात दिसतात. आमच्या कचेरीत पुरुषही मागे नाहीत, हिरव्या दिवशी हिरवे सदरे निघतात. शेजारीण तर सर्वांच्या पुढे. "उपास तुमचे, साड्या माझ्या," असं तिचं धोरण. रोज गच्चीवर एकत्र फोटो काढायचा, तोही प्रघात. फोटोची सूत्रं वसुली खात्यातल्या एका बाईंकडे. थकबाकीदारांशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा कमावलेला, की त्यांनी "या" म्हटलं की माणूस येतोच.

नऊ रंगांत केशरी असतोच असतो. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. टेबलावरची सूचनाही आम्ही रोज वाचत होतो. पण साडी आणि आग हे दोन विषय आमच्या डोक्यात इतके लांब लांब ठेवलेले, की त्यांची गाठ पडेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि मेजरसाहेबांच्या घरी, "अहो, आज केशरी आहे हं," असं सांगणारं कोणी नव्हतं.

तर त्या दिवशी चौथा मजला नुसता पेटला होता. भगवी, नारिंगी, शेंदरी, झेंडूची, ज्याला जी छटा मिळाली ती. शेजारणीची साडी सर्वांत भडक. मुख्य कचेरीच्या निरीक्षक बाई सकाळी आल्या, त्याही केशरी रेशमी साडीत. चहा झाला. फोटो जेवणाआधी काढायचं ठरलं. आणि घंटा वाजली.

घंटा कसली, कानात कोणी करवत घातल्यासारखा भोंगा. सगळे ताडकन उठले आणि नियमाप्रमाणे केशरी रंग शोधू लागले. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. जो तो दुसऱ्याच्या मागे उभा. पहिलीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, तिसरीच्या मागे पहिली. खांबाभोवती लोकांचं चक्र चक्क फिरायला लागलं.

"तुम्ही पुढे व्हा ना!"

"मी कशी? मी तुमच्या मागे आहे."

दोघीजणी निरीक्षक बाईंना धरून बसल्या. "तुम्ही न्याल ना आम्हाला?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मी पाहुणी आहे हो, मला जिनाच माहीत नाही!" आणि ज्या दाराने आल्या होत्या त्याने एकट्याच निसटल्या.

एवढ्यात वसुलीच्या बाईंनी सर्वांवर नजर फिरवली. सगळे उभे आहेत, सगळे एकत्र आहेत, सगळे केशरी आहेत. अशी संधी परत कधी येणार? "चला, सगळे निघालाच आहात तर आधी फोटो उरकू! या!" आणि त्या पुढच्या जिन्याने निघाल्या, वर. त्या आवाजामागे बरेच जण गेले. खरेदीचे साहेब जाकीट चढवत आपल्या खोलीतून बाहेर आले, तर शिस्तीत एक केशरी रांग जिन्याकडे चाललेली. आपल्याऐवजी कुणाची तरी नेमणूक झाली असं समजून ते आज्ञाधारकपणे रांगेच्या शेवटी उभे राहिले.

मी हे सगळं ओझरतं पाहत होते, कारण माझे हात पट्टे आवळत होते. शेजारणीचा चेहरा उतरला होता. ती एकच गोष्ट म्हणत होती, "हजेरी सुरू झाली असेल. चल. हजेरी सुरू झाली असेल." मी खुर्ची कलती केली आणि मागच्या दाराकडे निघाले. वाटेत माणसं घोटाळत होती. तिने काठी वर केली आणि ओरडली, "व्हा बाजूला! वाट सोडा!"

त्या गोंधळात आपण कुठे चाललोय हे पक्कं माहीत असलेलं एवढं एकच माणूस होतं. शिवाय केशरी.

पहिलं वळण घेतलं आणि मला मागे पावलं ऐकू आली. शेजारीण खुर्चीत पुढे तोंड करून, तिला मागचं दिसत नव्हतं.

"मागे कसला आवाज येतोय गं?"

"माणसं आहेत."

"कोण माणसं? हा जिना आपला आहे!"

"उरलेली सगळी आहेत, वाटतं."

"त्यांना सांग पुढच्या जिन्याने जायला!"

मी मान वळवून सांगितलं. मागून आवाज आला, "नाही, नाही, आम्ही तुमच्याच मागे. टेबलावर तसंच लिहिलंय."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडली. देवाचं डोकं! शिखर घसरून बरोबर पायरीच्या तोंडाशी आडवं झालं होतं. मी खुर्ची सोडू शकत नाही, ती उठू शकत नाही, आणि खालून, आवारातून, मेजरसाहेबांचा हजेरीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तिसऱ्या मजल्याची हजेरी संपत आली होती.

"गेला," ती हळूच म्हणाली. "गेला चौथा मजला."

 मला दिसायला लागलं ते पासचं टेबल, त्यामागे ही, आणि माझ्या शेजारी रिकामी खिडकी. मागून हिशेब खात्यातली एक पोरगेली कारकून भिंतीला घासत पुढे आली, तिने शिखर उचललं आणि इकडे तिकडे ठेवायला जागाच नाही म्हणून डोक्यावर धरलं. "चला," ती म्हणाली.

आम्ही निघालो. मी ढकललं नाही. फक्त सोडलं. खुर्चीने तिचं काम केलं.

आणि खाली, बदामाच्या झाडाखाली, हजेरी तुंबली होती! मेजरसाहेब चौथ्या मजल्याचं एक नाव पुकारत होते, उत्तर नाही. परत तेच पुकारत होते, उत्तर नाही. पुन्हा तेच. नियमाप्रमाणे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि उत्तर देणारी माणसं आमच्या मागे जिन्यात होती. मागच्या दारातून आम्ही बाहेर पडलो. पुढे पिवळ्या आसनावर केशरी साडीतली बाई, हातात काठी. मागे केशरी लोकांची रांग. सगळ्यांवर डोलणारं शिखर. निरीक्षक बाईंचे हात आपोआप जोडले गेले. मग लक्षात येऊन त्यांनी ते सोडले.

"मेजर!" शेजारीण लांबूनच ओरडली. "हजेरी संपली?"

"नाही," मेजरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा चमत्कारिक झाला होता. "अद्याप नाही."

"मग हजर!"

"हजर! हजर!" मागची रांगही ओरडली.

मी तिचे पट्टे सोडले. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. पण निरीक्षक बाई मुख्य कचेरीच्या होत्या. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "एक मिनिट. चौथ्या मजल्याचे बाकीचे कुठे आहेत? आणि मार्शल?"

उत्तर आकाशातून आलं. "सगळ्यांनी इकडे बघा! हसा!"

आम्ही माना वर केल्या. गच्चीच्या कठड्याला लागून केशरी ओळ उभी होती, उंच माणसं मागे, बुटकी पुढे. मधोमध जाकीट झगझगत होतं आणि त्यावर खरेदीच्या साहेबांचं टक्कल. आम्हाला बघून त्यांनी हात हलवला.

निरीक्षक बाईंनी गच्चीवरची डोकी मोजली. मग त्या मेजरसाहेबांकडे वळल्या. "नियमाने बघितलं तर आज हजेरी पूर्ण झालेलीच नाही. या बाई वेळेत आल्या असं म्हणायचं कसं? मला आत्ता कळवायचंय. यांना तळमजल्यावर आणायचं ठरलं होतं. आणायचं की नाही?"

शेजारणीने माझा हात सोडला आणि काठीवर दोन्ही हात ठेवले.  मेजरसाहेबांनी गच्चीकडे पाहिलं. तिथे वसुलीच्या बाई म्हणत होत्या, "अजून एक, अजून एक, कुणाचे तरी डोळे मिटलेत!" मग मेजरसाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. परत गच्चीकडे पाहिलं. आणि आजवर जपलेली सगळी इस्त्री एका क्षणात मोडून ते भर आवारात ओरडले,

"अवो, ह्या बाईस्नी ऱ्हाऊ द्या की वरच! त्या समद्यास्नी आणून बसवा तळमजल्यावर!"